बाळ येणारे आणि राहताय शहरात? मग आधी घराभोवतीचा एरिया लावून घ्या

टेस्ट पॉझिटिव्ह आली की बहुतेक जण पहिलं काय करतात, तर पाळणे बघायला लागतात, मग पाळण्यावर टांगायचं खेळणं, मग भिंतीला कुठला रंग द्यायचा. त्याची काही घाई नाहीये हो. बाळ पहिले सहा महिने तरी तुमच्याच खोलीत झोपणार आहे आणि तसंच झोपावं असं डॉक्टरही सांगतात. घाई आहे ती घराबाहेरच्या पाचशे-सातशे मीटरची, कारण पुढचे सगळे महिने तोच रस्ता, तोच जिना आणि तीच बस असणार आणि शरीर मात्र दर महिन्याला निराळं, कालपर्यंत जे अंतर अंतर वाटतच नव्हतं ते चालायला मध्ये दोनदा थांबावं लागतं. तर बाळाच्या सामानाचं दुसरीकडे वाचा, इथे फक्त एरिया कसा लावून घ्यायचा ते सांगते. पहिलटकरणींसाठी लिहितेय, त्यातही ज्या या भागात नव्याने राहायला आल्यात किंवा ज्यांच्या हाताशी घरचं कुणी नाही अशांसाठी. नवऱ्यांनीपण वाचा, यातली अर्धी कामं तुमच्या नावावर आहेत.

स्टेप १: तारखेचं गणित आणि हॉस्पिटल

हे पटकन उरकू. आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, त्यामुळे टेस्ट पॉझिटिव्ह येते तेव्हाच तुम्ही चार-पाच आठवड्यांच्या प्रेग्नंट असता. पाळीच्या त्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे, ही झाली ड्यू डेट. पण नेमक्या त्या दिवशी येणारं बाळ साधारण वीसात एखादंच, बाकीची बहुतेक ३७ ते ४२ आठवड्यांत कधीही. म्हणून कॅलेंडरवर एका तारखेला गोल करू नका, पाच आठवड्यांचा पट्टा रंगवा आणि मग बघा की त्या पट्ट्यात अजून काय काय येतंय. लिफ्टचं काम निघणारे का, रस्ता खोदणारेत का, नवऱ्याची टूर आहे का, ऐन उकाडा आहे की धो धो पाऊस.

हॉस्पिटल निवडताना लोक शेवटच्या दिवसाचा विचार करतात फक्त. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये सांगितलंय की गरोदरपणात किमान आठ वेळा तपासणी व्हावी, पहिली १२ आठवड्यांच्या आत. म्हणजे आठ चकरा, शिवाय रक्ताच्या तपासण्या आणि सोनोग्राफ्या वेगळ्या, आणि शेवटच्या महिन्यात तर दर आठवड्याला. सगळं ठीक असेल आणि जवळ बऱ्यापैकी सोय असेल तर शहराच्या दुसऱ्या टोकाच्या नावाजलेल्या हॉस्पिटलसाठी हट्ट धरू नका असं माझं मत. प्रेग्नन्सी जोखमीची असेल तर अर्थात डॉक्टर म्हणतील तिथे, तिथे अंतर बघायचं नाही.

आणि फॉलिक अ‍ॅसिड. दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम, १२ आठवडे पूर्ण होईपर्यंत, काही जणींना जास्त डोस लागतो तो डॉक्टर सांगतात. बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांतच बंद होते, त्यामुळे अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात असली तरी फोन करून विचारा आणि आजच सुरू करा.

स्टेप २: नकाशा बनवा, खरंच बनवा

फोनमधल्या मॅपवर पिना टाका नाहीतर कागदावर काढा, पण डोक्यात ठेवू नका कारण ऐनवेळी डोकं चालत नाही. घरापासून बस स्टॉप किंवा स्टेशन, तिथून ऑफिस, घरापासून हॉस्पिटल, आणि रोजच्या सामानाचं दुकान, एवढे रस्ते पुरे. त्यांच्यावर काय मार्क करायचं ते सांगते.

पहिला नंबर टॉयलेटचा. सुरुवातीच्या आठवड्यांत पोट दिसतपण नसतं आणि तरी सारखं जावं लागतं, कारण किडन्यांकडे जाणारं रक्त वाढलेलं असतं आणि लघवीच जास्त बनते, मग मधले महिने जरा सुसह्य, आणि शेवटी बाळाचं डोकं खाली येऊन मूत्राशयावरच बसतं की परत तेच. बाहेर टॉयलेट नाही म्हणून पाणीच कमी प्यायचं हा उपाय खूप जणी करतात आणि तो सगळ्यात वाईट आहे, युरिन इन्फेक्शन या दिवसांत लवकर होतं आणि ते किडनीपर्यंत चढलं तर वेळेआधी कळा येण्यापर्यंत जाऊ शकतं. म्हणून लाज सोडून आधीच बघून ठेवा: लायब्ररी, मॉल, बँक, डेंटिस्टचं क्लिनिक, मोठं औषधाचं दुकान. दुकानातल्या बाईला एकदा सरळ विचारून ठेवायचं, "मी प्रेग्नंट आहे, कधी गरज पडली तर तुमचं टॉयलेट वापरू का?" नाही म्हणणारे फार कमी भेटतात. आणि ते किती वाजता बंद होतं हेपण पिनवर लिहा, संध्याकाळी सातला कुलूप बघून जे वाटतं ते वाटू नये म्हणून.

दुसरा नंबर बसायच्या जागांचा. बाक, कट्टा, बस स्टॉपवरची सीट, एखाद्या बिल्डिंगची पायरी, काहीही चालेल. चालण्यापेक्षा एका जागी उभं राहणं जड जातं, हे मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं. या दिवसांत रक्तवाहिन्या सैलावतात, बीपी मधल्या महिन्यांत थोडं खाली येतं, आणि गप्प उभं राहिलं की रक्त पायात साचतं, पोटऱ्यांचे स्नायू ते वर ढकलतात पण त्यासाठी पाय हलायला हवेत ना. म्हणून रांगेत उभं असताना टाचा वर-खाली करत राहायचं, लोक बघतात, बघू देत. चक्कर आल्यासारखं, डोळ्यांपुढे अंधारल्यासारखं झालं की आहे तिथे खाली बसायचं, कपडे मळतील वगैरे विचार नंतर.

तिसरं म्हणजे सावली, चढ आणि निसरड्या जागा. एकाच दुकानाला जायचे दोन रस्ते असतात, एक जवळचा पण चढाचा आणि एक लांबचा पण सपाट, तर दुसरा आत्ताच शोधून ठेवा. फूटपाथ कुठे उखडलाय, फरशी कुठे ओली असते, कुठल्या कोपऱ्यावर गाड्या उलट्या घुसतात हे सगळं मार्क करा. पोट पुढे आलं की तोल बदलतो, सांधे सैल होतात, आणि त्यात स्वतःची पावलंच दिसत नाहीत. मोठ्या रस्त्याला समांतर एखादी आतली गल्ली असेल तर चालायला तीच घ्यायची, धूर कमी असतो, फरक पडतो.

स्टेप ३: पहिले तीन महिने, म्हणजे कुणालाच काही दिसत नसतं तेव्हा

गंमत अशी की सगळ्यात जास्त त्रास याच काळात आणि मदत शून्य, कारण सांगितलेलं नसतं कुणाला. मळमळ साधारण सहाव्या आठवड्याला सुरू होते, नवव्याच्या आसपास शिगेला जाते आणि बऱ्याच जणींची सोळा ते वीस आठवड्यांपर्यंत ओसरते. नाक तर असं तीक्ष्ण होतं की लिफ्टमध्ये मघाशी कोण येऊन गेलं ते सांगता येईल. तर ज्या रस्त्यावर वास आहेत, कचऱ्याचा डबा, मासळी, सुगंधी साबणांचं दुकान, पेट्रोल, तो रस्ता तीन महिने बंद. बॅगेत एक जाड पिशवी, पाण्याची बाटली, ओला रुमाल आणि काहीतरी कोरडं खायला, एवढं कायम. पोट रिकामं राहिलं की मळमळ वाढते त्यामुळे दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं. पाणीसुद्धा पोटात राहत नसेल, लघवी गडद आणि कमी होत असेल, तर "होतंच असं" म्हणून घरी बसू नका, त्यावर औषधं आहेत.

सांगायचं कुणाला? तिसरा महिना संपेपर्यंत सगळ्यांना सांगायचं नसेल तर नका सांगू, पण दोन माणसांना तरी सांगाच, एक ऑफिसमधलं आणि एक बिल्डिंगमधलं. बिल्डिंगमधलं माणूस निवडताना सगळ्यात प्रेमळ बघू नका, दिवसा घरी असणारं आणि फोन उचलणारं बघा. चौथ्या मजल्यावरच्या काकू जरा कडक असतील, पण पहिल्या रिंगला फोन घेतात ना, मग त्याच.

स्टेप ४: बस, ट्रेन आणि सीट मागायची कला

सीट मिळत नाही याचं कारण लोक वाईट असतात असं नाही, अर्ध्यांची मान फोनमध्ये असते आणि उरलेल्या अर्ध्यांना भीती असते की ही प्रेग्नंट नसलीच तर? या दुसऱ्या भीतीवर लंडनच्या वाहतूक खात्याने २००५ मध्ये उपाय काढला, गरोदर बायकांना लावायला फुकट बिल्ला, आणि जपानमध्ये २००६ पासून तसंच एक सरकारी चिन्ह आहे जे बायका पर्सला अडकवतात. तुमच्या शहरात असलं काही असेल तर घ्या, नसेल तर तोंड आहेच.

मागायचं कसं: डब्याकडे बघून "कुणीतरी उठता का?" असं नाही, त्याने कुणीच उठत नाही कारण प्रत्येकाला वाटतं दुसरा उठेल. एका माणसाकडे बघायचं, शक्यतो ज्याने फोनमधून मान वर केलीये अशा, आणि सरळ म्हणायचं, "मी प्रेग्नंट आहे, मला बसायला हवंय, तुम्ही उठू शकाल का?" कारणं द्यायची नाहीत, माफी मागायची नाही. पहिल्या दोन वेळा कसंतरीच होतं, मग सवय होते. आणि कुणी नाहीच उठलं तर वाद न घालता पुढच्या माणसाला विचारा, धडा शिकवायची ही वेळ नाही.

उभंच राहावं लागलं तर दाराजवळ नको, पोट दारांपासून आणि लोकांच्या बॅगांपासून लांब, पाय थोडे फाकवून आणि एक हात कायम दांड्याला. बस पूर्ण थांबल्याशिवाय सीटवरून उठायचं नाही, ड्रायव्हर काही निघून जात नाही. ऑफिसात बोलून अर्धा तास आधी किंवा नंतर यायची सोय होत असेल तर ती नक्की मागा, गर्दीतला तो अर्धा तास चुकवण्याइतका फायदा दुसऱ्या कशानेच होत नाही.

कारमध्ये बेल्ट लावायचाच, "पोटाला दाबेल" म्हणून सोडायचा नाही. खालचा पट्टा पोटाच्या खालून मांड्यांच्या वर, कंबरेच्या हाडांवर, आणि वरचा दोन स्तनांच्या मधून पोटाच्या कडेने. पोटावरून पट्टा कधीच नाही. स्वतः चालवत असाल तर सीट मागे घ्या, स्टीअरिंग आणि छातीत निदान २५ सेंटीमीटर अंतर हवं, आणि पाय पेडलला नीट पोचत नाहीत असं झालं की चालवणं बंद.

स्टेप ५: बिल्डिंग

इथे जरा खमकं व्हावं लागतं. रंगकाम, पेस्ट कंट्रोल, शेजाऱ्यांचं रिनोव्हेशन या तीन गोष्टींची तारीख आधी कळेल अशी व्यवस्था करा, वॉचमनला सांगा, नोटीस बोर्डाचा फोटो मागवा, बिल्डिंगच्या ग्रुपवर एकदा लिहून टाका. पेस्ट कंट्रोलच्या दिवशी बाहेर जायचं आणि त्यांनी सांगितलेल्या वेळेपेक्षा उशिराच परत यायचं, आल्यावर खिडक्या उघडायचं काम दुसऱ्याने करायचं. जुन्या बिल्डिंगमध्ये भिंतींचा जुना रंग खरवडत असतील तर त्या धुळीत शिसं असू शकतं आणि ते बाळाच्या मेंदूला घातक आहे, तेव्हा "दोनच दिवसांचं काम आहे" वर जाऊ नका, काम संपून साफसफाई होईपर्यंत दुसरीकडे राहायला जा.

मांजर असेल तर तिला घालवू नका कृपा करून. टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या जंतूचा धोका मांजरीच्या विष्ठेतून असतो आणि ती पडल्या पडल्या संसर्गजन्य नसते, त्याला एक ते पाच दिवस लागतात, म्हणून तिचा डबा रोजच्या रोज साफ करायचा आणि तो दुसऱ्या कुणीतरी. कुंड्यांची माती, बागकाम यालाही हातमोजे, कारण गल्लीतल्या मांजरी तिथेच जातात. भाज्या-फळं नीट धुवून, मटण-अंडी पूर्ण शिजवून.

बिल्डिंगमधल्या पोरांना जवळ घ्यायला हरकत नाही पण दोन नियम. लहान पोरांची उष्टी खायची नाहीत, त्यांचं नाक पुसलं की हात साबणाने धुवायचे, कारण सीएमव्ही नावाचा व्हायरस त्यांच्या लाळेतून आणि लघवीतून येतो, पोराला काहीच होत नाही पण पोटातल्या बाळाच्या कानांवर परिणाम होऊ शकतो. आणि मजल्यावर कुणाला कांजिण्या किंवा अंगावर पुरळ येणारा ताप निघाला आणि तुम्ही त्याच्यासोबत एका खोलीत होतात असं कळलं तर त्याच दिवशी डॉक्टरला फोन. वाट बघायची नाही, कारण कांजिण्या आधी झालेल्या नसतील तर जे उपचार देतात ते ठरावीक दिवसांतच उपयोगी पडतात. आणि फोनवरच सांगा, थेट जाऊन वेटिंग रूममधल्या बाकीच्या गरोदर बायकांमध्ये बसू नका.

स्टेप ६: चाला, पण बोलता येईल इतपतच

आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम असं जागतिक आरोग्य संघटना गरोदर बायकांनाही सांगते, डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस अर्धा-अर्धा तास चाललात तरी झालं, आणि ते एकदमच करायला हवं असं नाही, दुकानापर्यंत आणि परत तेही धरा. माप सोपं आहे, चालता चालता फोनवर पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दम लागतोय म्हणून घाबरायचं नाही, हार्मोनमुळे सुरुवातीपासूनच श्वास जास्त घेतला जातो आणि अंगातलं रक्त जवळपास निम्म्याने वाढलेलं असतं, हृदय तेवढं जास्त पंप करतंय. पण बसल्या बसल्या दम लागणं, छातीत दुखणं किंवा धडधड थांबतच नाहीये हे वेगळं, ते दाखवायचं.

लिफ्ट बंद पडली तर प्रत्येक मजल्यावर थांबायचं, कठड्याला हात, आणि हातात पिशव्या नाहीत. पिशव्या खालीच ठेवून या, कुणीतरी आणेल.

स्टेप ७: सल्ले आणि पोटाला हात लावणारे

पोट दिसायला लागलं की तुम्ही सार्वजनिक मालमत्ता होता. रस्त्यावरचा अनोळखी माणूस सांगतो मुलगा आहे का मुलगी, दुकानदार सांगतो काय खाऊ नका, आणि ज्यांच्याशी तीन वर्षांत गुड मॉर्निंगच्या पलीकडे बोलणं नाही त्या मावशी लिफ्टमध्ये सरळ पोटावर हात ठेवतात. त्यावर माझ्याकडे तीन वाक्यं आहेत. सल्ल्याला: "हो का, डॉक्टरांना विचारते." याने माणूस खूश पण होतो आणि विषय पण संपतो. भयंकर डिलिव्हरीच्या गोष्टी सुरू करणाऱ्याला: "ही गोष्ट बाळ झाल्यावर सांगा हं." आणि हात पुढे आला की आपला हात पोटावर आधी ठेवायचा आणि एक पाऊल मागे, हसत हसत "नको हं, मला आवडत नाही". चिडणारे चिडतात. दोन दिवसांनी विसरतात.

सगळे सल्ले टाकाऊ नसतात हेही खरंच. त्याच एरियात बाळ वाढवलेल्या बाईला बालरोगतज्ज्ञ कुठला, रात्री उघडं असणारं औषधांचं दुकान कुठलं, बाबागाडी कुठल्या फूटपाथवर अजिबात चालत नाही हे विचारा, यातलं गुगलला काहीही माहीत नसतं. पोटाचा आकार, चेहऱ्यावरचं तेज आणि बाळाचं लिंग यांवरचं मात्र कानाआड करा.

एक सल्ला मात्र धोकादायक आहे म्हणून वेगळा सांगते: "शेवटी शेवटी जागा कमी पडते, म्हणून बाळ कमीच हलतं." चूक. हालचाल साधारण १६ ते २४ आठवड्यांत जाणवायला लागते, मग तिचा एक पॅटर्न बसतो आणि तो शेवटपर्यंत, अगदी कळा सुरू झाल्यावरसुद्धा, राहायला हवा. कमी वाटली, बदललेली वाटली, की त्याच दिवशी फोन, रात्रीचे दोन वाजले असले तरी. उगाच गेलो असं झालं तरी चालेल, तिथल्या लोकांना त्याची सवय असते.

स्टेप ८: हॉस्पिटलचा रस्ता, एकदा दिवसा आणि एकदा रात्री

३४-३५ आठवड्यांच्या आसपास ही रंगीत तालीम करून टाका. मॅप २० मिनिटं दाखवतो ते कधीचे हे बघा, संध्याकाळी ऑफिस सुटायच्या वेळेला एकदा जा आणि रात्री उशिरा एकदा. दिवसा जे मेन गेट उघडं असतं ते रात्री बऱ्याच हॉस्पिटलांचं बंद असतं आणि इमर्जन्सीचं दार मागच्या गल्लीत कुठेतरी, ते शोधायची वेळ कळा चालू असताना नको. गाडी कुठे लावायची, व्हीलचेअर कोण देतं, प्रसूती विभाग कितव्या मजल्यावर, रजिस्ट्रेशन आधी करून ठेवता येतं का, हे सगळं विचारून या.

टॅक्सीच्या भरवशावर असाल तर दोन अ‍ॅप, एक ओळखीचा ड्रायव्हर आणि गाडी असलेले एक शेजारी, एवढे पर्याय हवेत, आणि अ‍ॅम्ब्युलन्सचा नंबर फ्रिजवर. त्याखाली घराचा पूर्ण पत्ता, मजला आणि जवळची खूण मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. हसू येईल, स्वतःचा पत्ता कोण विसरतं, पण फोन करणारं माणूस तुम्ही नसाल तर? किंवा असलात तरी? रात्री बिल्डिंगचं गेट कोण उघडतं तेही ठरवून ठेवा.

बॅग ३६ व्या आठवड्यापर्यंत दाराजवळ. यादी हॉस्पिटल देतंच, मी फक्त तीन गोष्टी जोडते: लांब वायरचा चार्जर, स्वतःची उशी, आणि तपासण्यांची फाइल बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात, तळाशी नाही. तिचे फोटो फोनमध्येपण.

निघायचं कधी? पहिल्या खेपेला बऱ्याच ठिकाणी सांगतात की कळा दर पाच मिनिटांनी, प्रत्येक एक मिनिटभर आणि असं तासभर चाललं की निघा. पण तुमचं घर लांब असेल, ट्रॅफिक असेल किंवा ही दुसरी खेप असेल तर डॉक्टर आधी बोलवतील, त्यांचा आकडा विचारून फ्रिजवर त्याच कागदावर लिहा. पोट आवळल्यासारखं होऊन चाललं-फिरलं, पाणी प्यायलं, कूस बदलली की थांबतं, त्या सरावाच्या कळा. खऱ्या कळा तुमचं काही ऐकत नाहीत, वाढतच जातात.

आणि या गोष्टींना मिनिटं मोजत बसायचं नाही, लगेच फोन आणि निघायचं: अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं (वेळ आणि रंग बघून ठेवा, हिरवट, तपकिरी किंवा लालसर असेल तर अजिबात थांबू नका), ३७ आठवड्यांच्या आधीच नियमित कळा, न थांबणारं डोकं दुखणं, डोळ्यांपुढे चमकल्यासारखं होणं, उजव्या बरगडीखाली दुखणं, चेहरा-हात अचानक सुजणं, झटका, ताप, एकाच पोटरीत सूज आणि दुखणं. पडलात किंवा पोटाला मार बसला तरी, कितीही ठीक वाटत असलं तरी. तळहात-तळपायांना रात्री प्रचंड खाज सुटते, पुरळ मात्र नाही, असं असेल तर तेही त्याच दिवशी कळवा, ते लिव्हरशी संबंधित असू शकतं आणि लोक त्याला कोरडी त्वचा समजून क्रीम लावत बसतात.

स्टेप ९: शेवटचे आठवडे, माणसं वाटून घ्या

मदत हवीये असं मोघम सांगितलं की सगळे "काही लागलं तर सांग हं" म्हणतात आणि तिथेच विषय संपतो. कामं वाटा. घराची एक किल्ली शेजारी. मोठं मूल असेल तर रात्री दोनला त्याला कुणाकडे ठेवायचं ते नाव ठरलेलं आणि त्या मुलालाही माहीत असलेलं. कुत्रा कोण फिरवणार. पार्सलं कोण घेणार. घरी आल्यावर पहिले दहा-बारा दिवस कोण कधी जेवण देणार. लोकांना नेमकं काम दिलेलं आवडतं, मोघम मदत कुणालाच जमत नाही. नवरा गावाला असेल किंवा तुम्ही एकट्याच असाल तर ही यादी दुप्पट लवकर करा आणि प्रत्येक कामापुढे दोन नावं.

झोपताना कुशीवर, डावी-उजवी कुठलीही, २८ आठवड्यांनंतर पाठीवर झोपू नये असं सांगतात. जाग आली आणि पाठीवर आहोत असं दिसलं तर घाबरायचं नाही, वळायचं आणि परत झोपायचं. खालच्या रस्त्याचा आवाज येत असेल तर बेड खिडकीपासून हलवा, आत्ताच, कारण तीच जागा नंतर बाळाचीपण आहे. आणि बाबागाडी घेण्याआधी लिफ्टचं दार आणि बिल्डिंगचं गेट टेपने मोजा. मोजल्याशिवाय घेतलेल्या बाबागाड्या कित्येक घरांत बाल्कनीत घडी करून पडलेल्या दिसतील.

स्टेप १०: घरी आल्यावर

पहिले दोन आठवडे दारावर एक चिठ्ठी: बेल वाजवू नका, मेसेज करा. भेटायला येणाऱ्यांना वेळ तुम्ही द्यायची, सर्दी-खोकला असेल तर यायचं नाही, हात धुतल्याशिवाय बाळ हातात नाही, आणि बाळाच्या तोंडाची पापी कुणीही घ्यायची नाही, आजोबांनीसुद्धा. हे नियम तुम्ही सांगितले तर तुम्ही वाईट ठरता, म्हणून हे काम नवऱ्याचं, त्याने ग्रुपवर टाकावं. जे कायम बाळाजवळ असणारेत त्यांच्या डांग्या खोकल्याच्या लशीबद्दल डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा, तुमची स्वतःची बऱ्याच ठिकाणी २७ ते ३६ आठवड्यांत देतात म्हणजे बाळालाही संरक्षण मिळतं.

सिझर झालं असेल तर बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही आणि जिने मोजके. टाक्यांतून पाणी येणं, ताप, तासाला एक पॅड पूर्ण भिजेल इतकं रक्त जाणं, यांना परत तोच फ्रिजवरचा नंबर. बाळाला झोपवायचं ते पाठीवर, घट्ट सपाट गादीवर, उशी-दुलई-टेडी काही नको, पाहुणे घेऊन आलेले टेडी कपाटात.

आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू आलं तर ते बहुतेक जणींना येतं, हार्मोन एकदम उतरतात आणि झोप नसते, दोन आठवड्यांत ते निवळतं. निवळलं नाही, कशातच मन लागत नाही, बाळ झोपलं तरी झोप येत नाही, किंवा स्वतःला नाहीतर बाळाला काही करावं असे विचार आले, तर हे आजारपण आहे आणि त्यावर उपचार आहेत, विचार असे असतील तर तर त्याच तासाला कुणालातरी सांगा. चौथ्या मजल्यावरच्या काकूंना नवव्या महिन्यातच सांगून ठेवायचं की मी सलग दोन दिवस फोन उचलला नाही, तर दार वाजवा.